शहाबादी फरशी : ओळख आणि निगा

मंडळी, आपल्या ओटीवर किंवा न्हाणीघरात शहाबादी फरशी असेल, तर आपण एका पुरातन समुद्राच्या तळावर वावरतो आहोत, असे म्हणायला हरकत नाही. ही फरशी मूळची कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या परिसरातली. तिचा दगड म्हणजे चुनखडक. उथळ समुद्रात चुनखडीचा गाळ थरावर थर साचला, दबला आणि त्याचा दगड झाला. म्हणून तर छिन्नी लावली की त्याच्या सपाट लाद्या सुटतात!

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड निराळा. तो सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झाला. शहाबादकडचे चुनखडकाचे थर त्याहून पुष्कळ जुने. काही ठिकाणी ते या काळ्या दगडाच्या खाली गेलेले दिसतात.

आता ओळख कशी पटवायची? फरशीची एक फुटकी कपची घ्या. चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. चुनखडकावर तो सहज उठतो. गारेवर उठत नाही. मग खरवडून निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येतील. आम्लाने चुनखडी विरघळते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो, त्याचे हे बुडबुडे. चुन्याच्या भट्टीत हाच वायू उष्णतेने निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो.

ही गंमत कपचीवर ठीक, घरातल्या फरशीवर नव्हे. न्हाणीघरात जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, आणि पुष्कळ घरी ते काढायला ऍसिड ओततात. फेस येतो, डाग जातो; वाटते, काम झाले. पण तो डाग बहुतांशी चुनखडीचाच, आणि फरशीही चुनखडीचीच. ऍसिडला आपपर कळत नाही! डागाबरोबर ते फरशीही खाते. तिची तकाकी जाते, अंग खरबरीत होते, आणि अशा खरबरीत अंगावर मळ अधिकच धरतो. मग पुन्हा ऍसिड, पुन्हा झीज. राजस्थानच्या कोटा फरशीचीही हीच गत, तीही चुनखडकच.

तेव्हा साधे साबणाचे पाणी आणि ब्रश पुरे. पाणी साचू न देता फरशी कोरडी केली, तर डाग मुळातच कमी पडतील. स्वयंपाकाच्या ओट्यावर लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी सांडले, तर लगेच पुसून घ्या. दगडाची जात ओळखली की त्याची निगा कशी राखायची, हे निराळे सांगावे लागत नाही.