दप्तराची पेटी
(वार्षिक सभेतील भाषण)



मागे एका वहिनींना यजमानांच्या पश्चात फ्लॅट नावावर करायला नॉमिनेशनचा कागद हवा होता. मूळ कागद वाळवीनं खाल्लेला. स्कॅन होता, तो ऑफिसच्या कॉम्प्युटरची डिस्क उडाली तेव्हाच गेला. त्यांना किती खेटे पडले, मी पाहिलंय.

म्हणून कमिटीनं सामाईक साठवणपेटी, म्हणजे नॅस, घ्यावी. सेक्रेटरी, खजिनदार दोघांचे कॉम्प्युटर तिलाच जोडायचे. दोन कप्प्यांची स्वस्त पडते, पण मी चार कप्प्यांचीच म्हणेन. आज ४ टीबीच्या दोन डिस्क. एकीची दुसरीवर हुबेहूब नक्कल, म्हणून जागा ४ टीबीच. पुढे तिसरी घालून रेड ५ केलं की ८, चौथी घातली की १२. कुठलीही एक डिस्क गेली तरी दप्तर शाबूत. पण असं वाढवायची सोय आहे ना, हे घेतानाच विचारा.

मात्र मंडळी, चुकून पुसलेली फाईल नकलेतूनही पुसली जाते! बँकेत आम्ही बॅकअपची टेप दुसऱ्या शाखेत ठेवत असू. इथंही एक सुटी डिस्क दर शनिवारी भरून अध्यक्षांच्या घरी जावी. आणि कोरपन्यात लाइन कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस हवाच. उन्हाळ्यात पेटी कूलरच्या ओल्या झोतात नको.

आधी आय आणि जे नमुन्याची रजिस्टरं चढवा. गणपतीचे फोटो नंतर.