भुकेल्यांचा मोर्चा आणि पोटाची गोष्ट



शेक्सपिअरच्या शोकांतिका कशा सुरू होतात ते जरा आठवून पाहा. ‘हॅम्लेट’मध्ये रात्रीचा पहारा आणि भूत. ‘मॅकबेथ’मध्ये वादळ आणि चेटकिणी. ‘लिअर’मध्ये राज्याची वाटणी. आणि ‘कोरायोलेनस’ सुरू होते तेव्हा समोर दिसतात रोमच्या रस्त्यावर काठ्या-सोटे घेऊन निघालेली माणसे. त्यांना धान्य हवे आहे आणि ते परवडेल अशा भावात हवे आहे. एका थोर शोकांतिकेचा आरंभ धान्याच्या भावाने व्हावा, याचे मला फार अप्रूप वाटते. म्हणून आज सगळ्या नाटकावर न बोलता त्याच्या पहिल्या प्रवेशावरच बोलणार आहे. माझे इंग्रजी शाळेतले नव्हे, कोश मांडीवर घेऊन केलेले आहे. पण मोर्चे मात्र मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि हा प्रवेश मोर्चाचाच आहे.

कथानक दोन वाक्यांत सांगतो. कायस मार्शियस हा रोमचा शूर सेनापती. कोरायोली शहर जिंकले म्हणून त्याला कोरायोलेनस हे नाव मिळते. पण सामान्य लोकांबद्दलचा तिरस्कार त्याला लपवता येत नाही, रोममधून त्याची हद्दपारी होते, तो शत्रूला जाऊन मिळतो आणि अखेर त्याच शत्रूंच्या हातून मरतो.

आता प्रवेशाकडे वळू. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असा ठराव सर्वांनी केला आहे. पहिला नागरिक तावातावाने बोलतो. आमची हाडे दिसतात म्हणूनच श्रीमंतांना आपली श्रीमंती मोजता येते, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि आपण सूडापायी नव्हे, पोटापायी बोलतो, हे तो देवांना साक्षी ठेवून सांगतो. दुसरा नागरिक मवाळ आहे. मार्शियसने देशाची सेवा केली आहे, तिचाही विचार करा, असे तो म्हणतो. प्रत्येक सभेत असा एक गृहस्थ असतोच, आणि तो असावा.

इतक्यात मेनेनियस अग्रिप्पा येतो. हा उमराव असला तरी गोडबोल्या, लोकांचा मित्र म्हणून नावाजलेला. दुष्काळ देवांनी आणला, सरदारांनी नव्हे, असे तो समजावतो. आणि ते पटत नाही असे दिसताच गोष्ट सांगायला घेतो. ही गोष्ट इसापनीतीत आहे, आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली. शरीराचे सारे अवयव पोटाविरुद्ध उठतात : आम्ही राबतो आणि हे आयते बसून खाते. पोट उत्तर देते की, मी कोठार आहे. सगळे अन्न आधी माझ्याकडे येते खरे, पण रक्तावाटे मी ते तुम्हा सर्वांना पोचवते आणि माझ्यापाशी कोंडाच उरतो. रोमची वरिष्ठ सभा म्हणजे हे पोट, असे मेनेनियस सांगतो.

या गोष्टीतली गोम पाहा. लोकांची तक्रार अशी की, कोठारे भरलेली आहेत आणि धान्य बाहेर येत नाही. उत्तर असे की, कोठार धान्य बाहेर पाठवीत असते. ज्याबद्दल वाद आहे तेच गृहीत धरून गोष्ट रचली आहे. ऐकणारा नागरिक मूर्ख नाही; पोटाचे उत्तर ऐकून तो विचारतो, हे आम्हाला लागू कसे पडते? याला तुम्ही पुराव्याचा प्रश्न म्हणा. मेनेनियस पुरावा देत नाही. तो त्या माणसाला पायाचा अंगठा म्हणतो आणि लोक हसतात. समाजाला शरीर म्हणायचे आणि कोणाला तरी पायाशी बसवायचे, ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. पुरुषसूक्त ठाऊक असलेल्यांना ते सांगायला नको. अलीकडे कारखान्यांत पोटाऐवजी कुटुंबाची उपमा चालते. एका बोनसच्या बोलण्यात मालकांनी आम्हाला अर्धा तास ‘आपण सारे एक कुटुंब’ हे ऐकवले. तेव्हा आमच्यातला एक वयस्क फिटर शांतपणे म्हणाला, “साहेब, मग घरचा जमाखर्च दाखवा की.”

आता एक बारकावा सांगतो. हे नाटक प्रथम छापले गेले ते १६२३ साली, शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात. त्या प्रतीत मेनेनियसशी वाद घालणारा नागरिक पहिला नव्हे, दुसरा आहे, तोच मवाळ. मागाहून अनेक संपादकांना हे विसंगत वाटले आणि त्यांनी ती भाषणे पहिल्याच्या तोंडी घातली. मला जुनी प्रतच खरी वाटते. मेनेनियस भला माणूस आहे, असे म्हणणारा हा दुसरा नागरिक. तो गोड शब्द ऐकतो आणि एकदम उसळून सांगतो की, यांनी आमची कधी पर्वा केली नाही, कोठारे भरून ठेवली, सावकारांच्या सोयीचे कायदे केले. ज्याने विश्वास टाकला होता तोच अधिक कडवट होतो. हे विसंगत आहे असे ज्याने वाटाघाटी केल्या आहेत तो म्हणणार नाही.

मग मार्शियस येतो आणि येताच शिव्या देतो. त्याच्या तोंडून कळते की, नगराच्या दुसऱ्या भागातही असाच एक जमाव होता. त्यांनी भुकेवरच्या म्हणी म्हटल्या म्हणून तो त्यांची टिंगल करतो. (ज्याच्यापाशी ग्रंथ नाहीत त्याने आपला कायदा म्हणींतून नाही सांगायचा तर कशातून?) आणि मोठ्या नाराजीने तो सांगतो की, त्या जमावाची मागणी मान्य झाली : लोकांनी स्वतः निवडलेले पाच ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांचे रक्षण करणारे प्रतिनिधी.

माझ्या मते सगळ्या प्रवेशाची किल्ली येथे आहे. प्लूटार्कच्या चरित्रग्रंथातून शेक्सपिअरने हे कथानक घेतले. टॉमस नॉर्थने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १५७९ साली निघाले होते. मूळ हकीकतीत भांडण कर्ज आणि व्याज यांचे आहे. लोक शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसतात. परंपरेने हे साल इसवी सनापूर्वी ४९४ मानतात. लढायला माणसे मिळेनाशी झाली. तो संपच होता म्हणा ना. तेथे मेनेनियस गोष्ट सांगतो आणि त्याच लोकांना ट्रिब्यून मिळतात. शेक्सपिअरने टेकडी गाळली, नंतरच्या काळातली धान्यटंचाई पुढे आणली आणि एका जमावाचे दोन केले. परिणाम असा की, ज्यांनी गोष्ट ऐकली त्यांना काहीच मिळाले नाही. ज्यांच्यापुढे गोष्ट सांगायला कोणी गेले नाही त्यांना पाच प्रतिनिधी मिळाले. हेतू काहीही असो, रंगभूमीवर हेच दिसते.

धान्यच का पुढे आणले? १६०७ साली इंग्लंडच्या मध्य परगण्यांत, शेक्सपिअरच्या वॉरिकशरमध्येसुद्धा, कुंपणे घालून जमिनी बळकावल्या म्हणून शेतकरी उठले होते. नॉर्थँप्टनशरात न्यूटन येथे चाळीस-पन्नास जण मारले गेले असे सांगतात. नाटक त्याच सुमाराचे, बहुधा १६०८ चे. आणखी एक नोंद आहे. १५९८ च्या फेब्रुवारीत, टंचाईच्या दिवसांत, स्ट्रॅटफर्डमधल्या साठ्यांची यादी झाली. तीत शेक्सपिअरच्या नावावर दहा क्वार्टर, म्हणजे ऐंशी बुशेल माल्ट, दारूसाठी मोड आणलेले धान्य, लिहिलेले आहे. भरल्या कोठारांवरचा आरोप इतका अचूक लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरी साठा होता! त्याला ढोंगी ठरवण्याची मला घाई नाही. त्याने भुकेल्याच्या तोंडी दुबळा युक्तिवाद घातला नाही, हे मला पुरे आहे.

जर्मन नाटककार ब्रेख्त यानेही याच प्रवेशावर आपल्या मंडळींबरोबरचा एक संवाद लिहिला आणि दडपलेल्यांना एक होणे किती जड जाते याकडे लक्ष वेधले. त्याने केलेले या नाटकाचे रूपांतर त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, बर्लिनच्या त्याच्या नाटकसंस्थेने रंगभूमीवर आणले.

प्रवेशाचा शेवट राहिला. निरोप्या येतो : व्होल्सियन लोकांनी शस्त्रे उचलली आहेत. मार्शियसला आनंद होतो. शहरातली नासकी गर्दी लढाईत खपेल, असे तो उघड बोलतो. व्होल्सियनांकडे धान्य पुष्कळ आहे, या उंदरांना तेथेच कुरतडायला न्या, असेही म्हणतो. नाटककाराने येथे रंगसूचना दिली आहे की, नागरिक गुपचूप निघून जातात. धान्याचा प्रश्न कोणी सोडवला नाही; लढाईची बातमी आली आणि तो मागे पडला.

रंगभूमीवर उरतात दोघे नवे ट्रिब्यून, ब्रूटस आणि सिसिनियस. निवडून आल्यानंतरचे हे त्यांचे पहिले बोलणे. मार्शियस किती गर्विष्ठ आहे, आमची निवड झाली तेव्हा त्याने ओठ कसे मुडपले, युद्धात दुय्यम पद घेऊन तो कीर्ती कशी मिळवील, यावर ते बारकाईने बोलतात. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु ज्या धान्यासाठी लोक रस्त्यावर आले होते त्याचा एक शब्द त्यांच्या संभाषणात नाही. हा भाग मी आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी मोठ्याने वाचून दाखवतो. मग ते दोघे लढाईची तयारी कशी चालली आहे ते ऐकण्यासाठी कॅपिटॉलकडे निघून जातात.