रोबोला शिकवणार कोण?

(भोर येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या दोन तालुक्यांनी भाटघर, पानशेत, वरसगाव यांसारख्या धरणांसाठी आपल्या जमिनी दिल्या. पाणी खाली गेले आणि पाण्यामागोमाग इथला तरुणही गेला. आज इथल्या कित्येक घरांतला मुलगा नीरेपलीकडे शिरवळला, खेड-शिवापूरला, नाही तर थेट चाकणला कारखान्यात कामाला जातो. त्यामुळे ‘रोबो’ हा शब्द कानी पडताच पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा. मुलाचे काम टिकेल का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खोटा दिलासा देण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आपण विचारला पाहिजे. या रोबोला काम शिकवते कोण?

१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. माणसाला भाजणारे, थकवणारे काम यंत्राने घेतले. परंतु यंत्राला स्वतःची समज नव्हती. हात कोठे न्यायचा, कोठे थांबवायचा, हे बिंदूबिंदूने सांगावे लागे. आजही अनेक कारखान्यांत तंत्रज्ञ हातात ‘टीच पेंडंट’ नावाची नियंत्रणपाटी घेऊन हेच करतो. या पद्धतीत दोन अडचणी आहेत. शिकवणी चालू असेपर्यंत रोबोचे उत्पादन बंद राहते आणि चूक झाली तर लाखो रुपयांचा यंत्रबाहू साच्यावर, क्वचित माणसावरही आदळू शकतो.

आभासी वास्तवाचे तंत्र नेमके येथे उपयोगी पडते. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसवायचे पहिले दर्शकयंत्र तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज तेच यंत्र डोळ्यांवर चश्म्यासारखे चढवता येते. ते चढवले की, अजून उभारलाही न गेलेला कारखाना आपल्या भोवती पूर्ण आकारात उभा राहतो. समोर रोबोचा हुबेहूब संगणकीय प्रतिरूप असतो. हातातील नियंत्रकाने त्याचा हात धरून आपण मार्ग आखून देतो. तो खांबाला अडतो का, सांध्यापर्यंत पोहोचतो का, शेजारच्या कामगाराला वाकून काम करावे लागेल का, हे तेथेच दिसते. मार्ग निर्दोष ठरला की तीच आज्ञावली खऱ्या रोबोकडे पाठवतात. फ्रान्सच्या दासॉ सिस्टिम्सचे मोठे संशोधन व विकास केंद्र आपल्या पुण्यातच आहे. उत्पादनाचे असे आभासी नियोजन हे तिच्या संगणक प्रणालींचे एक प्रमुख क्षेत्र आहे.

नियोजनाच्या पुढची पायरी दूरनियंत्रणाची. तिचे मूळ अणुविज्ञानात आहे. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी रेमंड गोर्ट्झ यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस जोडहात बनवले. भिंतीच्या अलीकडे माणूस हात हलवतो आणि पलीकडे यंत्राचा हात तसाच हलतो. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे हात स्वतः विकसित केले. आभासी वास्तवाने या पद्धतीला नवी दृष्टी दिली. माणूस सुरक्षित अंतरावर राहून जणू यंत्राच्या जागी उभा राहून पाहू शकतो.

मात्र या तंत्राच्या मर्यादाही जाणून घ्या. तोरण्याचा नकाशा कितीही चांगला असला तरी कोणता दगड निसटतो, हे वाट तुडवलेल्यालाच ठाऊक असते. रोबो एकच हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी फरकाने पुन्हा पुन्हा करू शकतो. परंतु पडद्यावरचे फिक्स्चर आणि जमिनीवर प्रत्यक्ष बसवलेले फिक्स्चर यांत फरक असला, तर तो तितक्याच काटेकोरपणे चुकीच्या जागी काम करील. म्हणून प्रत्यक्ष मोजमाप करून जुळणी करावीच लागते. दूरनियंत्रणात दृश्य क्षणभर मागे राहिले तरी हात चुकतो आणि माणसाला गरगरते. आणीबाणीत यंत्र थांबवणारे खरे बटण आभासी बटणाने बदलता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वेल्डिंगच्या टॉर्चचा कोन किती ठेवावा, पत्रा कोठे वाकतो, ठिणगीचा आवाज बदलला म्हणजे काय समजावे, हे ज्ञान कोणाकडे असते? संगणकतज्ज्ञाकडे नव्हे. वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या कारागिराकडे असते. चाकणच्या बजाज ऑटोने २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्स या डॅनिश कंपनीचे, माणसाशेजारी काम करणारे रोबो वापरात आणले. त्यांचा हात धरून त्यांना मार्ग दाखवता येतो. आभासी वास्तवामुळे हीच सोय मोठ्या, धोकादायक रोबोंच्या बाबतीतही मिळू शकते. ज्याला काम येते, त्याने ते दाखवावे.

रोबो आल्यावर काही कामे जातात, हे सत्य आहे. जी नवी कामे निर्माण होतात ती आपोआप भोरच्या मुलाकडे येणार नाहीत, हेही सत्य आहे. त्याचे कौशल्य दुसऱ्याने नोंदवून घेतले आणि तो मात्र कंत्राटी हजेरीवरच राहिला, असे होऊ शकते. धरणाचे पाणी जसे आपल्या डोळ्यांदेखत खाली गेले, तसे हे कौशल्यही जाईल.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. असे दर्शकयंत्र औद्योगिक रोबोच्या तुलनेत फार स्वस्त असते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ते यावे. मात्र उद्घाटनानंतर कपाटात बंद होण्यासाठी नको. तेथे शिकणाऱ्या मुलाने आधी हाताने वेल्डिंग करावे, मग आभासी रोबोकडून करवून घ्यावे, शेवटी खऱ्या यंत्रावर पडताळावे. आभासी रोबो शंभरदा आदळला तरी कोणाचे नुकसान होत नाही. गरीब घरच्या मुलाला चुका करण्याची ही मुभा आजवर फारशी मिळालेली नाही. जोडीला धडे सोप्या मराठीत हवेत. जे निवृत्त कारागीर आज आपापल्या गावी परतले आहेत, त्यांना शिक्षक म्हणून बोलवा.

पालकांनी मुलाला कारखान्यात पाठवताना पगार किती, हे जरूर विचारावे. त्याबरोबर तिथे शिकायला काय मिळणार, हेही विचारावे.