ऊसतोडीची पोरं आणि शाळेचं वर्ष

गुरुजनहो, आज बोलायचं आहे ते तुमच्या वर्गातल्या रिकाम्या जागेविषयी.

जूनमध्ये शाळा उघडते. पोरगं येतं, पाढे म्हणतं, जरा रुळतं. दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडच्या गावांतून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यामागे पोरंही जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात, जिथं जवळची शाळा बहुधा कानडी. परततात ती मार्च-एप्रिलात, कारखाना बंद झाल्यावर.

आता हिशेब मांडा. वर्गात भागाकार, अपूर्णांक झाले ते नेमके या महिन्यांत. पोरगं तेव्हा फडात पाचट ओढत होतं, नाहीतर खोपीत धाकट्याची झोळी हलवीत होतं. हे दुसरं काम बहुधा मुलीच्याच वाट्याला! परीक्षा मात्र सगळ्यांना एकच. निम्मं वर्ष बुडालेल्याला आणि पुरं वर्ष बसलेल्याला एकाच मापानं मोजायचं, आणि कमी भरला की म्हणायचं, 'ढ आहे.' बरं का, हाच ढ बापाची उचल किती फिटली हे तोंडी सांगतो. कागदावरचा भागाकार शिकवला, तेव्हा तो तिथं नव्हता, इतकंच.

2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्याला खास शिकवणी, हे त्यात आहे. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. गावोगाव हंगामी वसतिगृहं निघाली. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या पोरांच्या जेवणाची सोय त्यांतून होते. मला विचाराल तर ही दुसरी वाट बरी, आपली शाळा सुटत नाही. पण आजीच अंथरुणाला खिळलेली असली तर? मुलगी वयात आलेली असली, तर आई तिला मागे ठेवायला धजत नाही. अशा आईला बोल लावून काय उपयोग?

तेव्हा गुरुजी, दिवाळीच्या सुट्टीआधीच घरोघर विचारून ठेवा, कोण राहणार, कोण जाणार. जाणाऱ्याच्या वहीत लिहून द्या, वाचन कुठवर आलं, गणित कुठवर आलं. परत आला की तिथूनच धरा. आणि आईबापांनो, ट्रकमध्ये बसण्याआधी एकदा शाळेत या, कोणत्या कारखान्यावर चाललात तेवढं सांगून जा. न सांगता गेलात, तर पोराचा माग काढायचा कुठं?