मातृत्व आणि मानधन



वैतरणेचा पूल ओलांडून गाडी उत्तरेकडे निघाली, की पालघरनंतर बोईसर लागते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि हा किनारा देशाच्या नकाशावर आला, असे समजण्यात येते. त्याआधी बारा वर्षे, याच लोहमार्गावर पुढे, घोलवडजवळच्या कोसबादच्या टेकडीवर पासष्ट वर्षांच्या एका स्त्रीने वारली मुलांसाठी आपले काम हलविले होते. त्या ताराबाई मोडक. त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. परंतु हा आदर असा आहे, की त्यात त्यांचा विचारच हरवून जावा. ‘आदिवासी मुलांची माउली’ म्हटले, की बोलणाऱ्याची सुटका होते. मुलांना वाढविण्यास आईची माया पुरेशी आहे, ही समजूत ज्या बाईने जन्मभर नाकारली, तिच्याच गळ्यात ही माळ पडावी, हा विपर्यास आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, प्रार्थनासमाजी घरातला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलाशी झालेला विवाह टिकला नाही. १९२१ साली, पदरी लहान मुलगी असताना, त्या घराबाहेर पडल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळी एकट्या आईने नोकरी करून मूल वाढविणे ही कौतुकाची गोष्ट मानली जात नव्हती. १९२३ मध्ये ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. बालशिक्षण हे शास्त्र आहे, ते शिकावे लागते, अभ्यासावे लागते, हा धडा त्यांनी तेथे घेतला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले.

येथेच त्या थांबल्या असत्या तरी चरित्र पूर्ण झाले असते. पण एक टोचणी होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली आपले पहिले बालगृह काढले ते रोममधील सॅन लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत. आपल्याकडे ती पद्धती आली ती महागड्या साधनांसह, आणि जाऊन बसली सुखवस्तूंच्या दिवाणखान्यात. ती पुन्हा श्रमिकांच्या दारी नेण्यासाठी ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य पाहिलेल्या या शिक्षिकेने पुढची सत्तेचाळीस वर्षे याच कामाला दिली.

त्याच १९४५ च्या मे महिन्यात, बोर्डीपासून फार दूर नसलेल्या झरी गावी किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठावाचा निर्धार केला. गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. ऑक्टोबरात पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. संघर्ष श्रेष्ठ की रचना, या वादात आपल्या चळवळीने पुष्कळ शाई खर्च केली. ज्या वारल्याची वेठ सुटायची होती आणि ज्याच्या मुलाला अक्षर यायचे होते, तो वारली एकच होता. त्याने हा वाद घातल्याचे ऐकिवात नाही.

बोर्डीत प्रारंभी मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच वस्तीवर गेली. अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा मातीतून उगवला. परदेशी साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणात. पण या साऱ्यांत मोठी गोष्ट विकासवाडीची. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, आणि आई मजुरीला गेली आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावयाची. कडेवरचे मूल पाळणाघरात, तिसरे बालवाडीत, मुलगी वर्गात. मुलीच्या गळतीवर व्याख्याने झोडण्याऐवजी तिच्या कडेवरचे ओझे कोणी उतरवून घ्यायचे, हा प्रश्न ताराबाईंनी विचारला. हा प्रश्न मायेचा नव्हे, श्रमविभागणीचा आहे.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची शिक्षिका मात्र वाटेत कोठे तरी उतरली. जी आली तिला ‘सेविका’ म्हटले गेले आणि वेतनाऐवजी ‘मानधन’ दिले गेले. नोंदवह्या भरणे, आहार वाटणे, वजने घेणे, सर्वेक्षण करणे, आणि उरल्या वेळात शिकविणे! बायका मुले सांभाळतातच, त्याला पगार कशाचा, हे या व्यवस्थेचे न बोललेले सूत्र. ज्या वर्षी, १९९२ साली, अनुताई गेल्या, त्याच सुमारास याच टापूत जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली.

अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, एवढे मान्य व्हायला २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस संपावर उतरल्या आणि अंगणवाड्यांना कुलुपे लागली. मुलांचा खाऊ अडवून बाया संप कशा करतात, असे विचारणारे काही भले लोक तेव्हाही निघाले. राजकोटचे प्राचार्यपद भूषविलेल्या, बालशिक्षणाला अध्यापन विद्यालयाचा दर्जा मिळावा म्हणून झटलेल्या ताराबाईंचे नाव घेऊनच हे विचारले जाते, तेव्हा कार्यकर्त्यांनी उत्तर द्यायला वस्तीवरच्या त्या सेविकेला एकटे सोडू नये. तिच्या मागणीपत्रावर पहिले कलम वेतनाचे आहे, आणि दुसरे प्रशिक्षणाचे असायला हवे.