चौरागडची वाट



मंडळात आजवर मी सतरंज्या घातल्या, चहा केला. बोलायला उभी राहते आहे ती आजच. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या कार्तिकात मी पचमढीला गेले होते. नागपूरच्या आमच्या वन्संचा चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहण्याचा नवस होता. विदर्भातली माणसे महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथे चढतात. वन्संना ती गर्दी सोसत नाही. खरे सांगायचे तर घराच्या वाटणीवरून तीन वर्षे आमचे बोलणे नव्हते. फोन आला तो मला, भावाला नाही. "मोतीबिंदू उतरलाय गं, पायरी दिसत नाही. येतेस का?" हे म्हणाले, "नसती उठाठेव कशाला?" मी गेले.

पिपरियाला गाडीतून उतरून पन्नासेक किलोमीटर वर जायचे. साग आणि सालाचे दाट रान, आणि त्यातून उभे तांबूस कडे. आपल्याकडचा दगड काळा, पन्हाळ्याचा म्हणा की अंबाबाईच्या देवळाचा म्हणा. तो लाव्हारसाचा. तिथला वाळूचा. हात फिरवला तर बोटांना रेती लागते, आणि कड्यावर चिरोट्यासारखे पदर दिसतात. नद्यांनी आणलेली वाळू थरावर थर बसून त्याचा हा दगड झाला. वय वीस कोटी वर्षांहून अधिक, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्याही आधीचा! पाणी त्यात मुरते, झिरपते आणि गुहा कोरते. महादेवाच्या गुहेत छतातून सारखे थेंब पडतात. गुप्त महादेवाच्या फटीत तर आडवे होऊनच शिरावे लागते. आम्ही दोघीही अंगाने भरलेल्या. मध्येच अडकलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसलो.

चौरागडला हजारावर पायऱ्या. चढताना त्रिशूळ माझ्याकडे, वन्संचा हात माझ्या खांद्यावर. "उंच आहे", "आता सपाट", एवढेच बोलणे. वर त्रिशुळांचा नुसता ढीग! त्यात आमचा ठेवला. मला खाली दरीभर रान दिसत होते. वन्सं म्हणाल्या, "काय दिसतंय ते सांग." मी सांगत बसले. वाटणीचा विषय दोघींनीही काढला नाही.

संक्रांतीनंतर त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. मी नागपूरला जाणार, तेव्हा यंदा हळदीकुंकवाच्या कामात मला धरू नये. ह्यांनाही चला म्हटले आहे. अजून हूं की चूं नाही.