ग्रामीण सुतार आणि दुहेरी करवत

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील, धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. अशा गावी सुताराला एकाच दिवशी फळी उभी चिरावी लागते आणि चौकटीची पट्टी ४५ अंशांत कापावी लागते. दुहेरी विजेची करवत ही दोन्ही कामे थोड्या जागेत करते. मात्र वरच्या मेजावर पाते थोडेच वर येत असल्याने जाड सागवान तेथे चिरता येत नाही. पात्यावरील आवरण काढणे तर बोटांना घातक.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची आणि ५ टक्के व्याजाच्या कर्जाची तरतूद करण्यात आली. कर्ज घेण्यापूर्वी आपल्या कामाचा हिशेब करावा. पट्ट्या-फळ्यांचे काम अधिक असल्यास ही करवत उपयुक्त; जाड लाकडासाठी स्वतंत्र करवतच हवी.